तोंडी की तोंडदेखली?

आमच्या वऱ्हाडात हल्ली डॉक्टर फार झाले आहेत. लग्नाची पत्रिका उघडा, नामफलक वाचा, गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावरचे कार्यकारी मंडळ पाहा, 'डॉ.' ही एका अक्षराची पगडी घातल्यावाचून नाव बाहेर पडायला लाजते. उद्या एखाद्या पंगतीत कोणाला घेरी आली आणि यजमानाने "डॉक्टर आहेत का हो कोणी?" म्हणून हाक मारली, तर अर्धी पंगत हात धुऊन उठेल, आणि घेरी आलेल्या गृहस्थांना शेवटी कांदा हुंगवून कोणी तरी म्हातारीच शुद्धीवर आणील.

ही थट्टा झाली. दिवाळीच्या फराळाबरोबर एवढी चालावी. पण मनातली गोष्ट सांगायची तर, डॉक्टर वाढले याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी अंगठा उठत होता, त्या घरातली पोरगी तीनशे पानांचा प्रबंध लिहिते, ही या मातीची कमाई आहे. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेस गेला आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहून बसला. तो ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्या माणसाने पुढे गावोगाव शाळा काढल्या, त्या काय पोरांनी चौथीत थांबावे म्हणून? डॉक्टर वाढोत, खेडोपाडी वाढोत. माझे भांडण डॉक्टरांशी नाही. माझे भांडण आहे ते ज्या शेवटच्या उंबरठ्यावरून माणूस 'श्री.'चा 'डॉ.' होतो त्या उंबरठ्याशी, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेशी. तिला सगळे 'व्हायवा' म्हणतात.

ज्या घरी हा प्रकार अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यार्थी विषय निवडतो, मार्गदर्शक मिळवतो, नोंदणी करतो. नियमाप्रमाणे निदान तीन वर्षे आणि साधारण सहा वर्षांच्या आत काम पुरे करावे लागते. मग प्रबंध बांधून विद्यापीठात दाखल होतो आणि बाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो. ते वाचतात, लेखी अभिप्राय पाठवतात. अभिप्राय अनुकूल आला की शेवटी एक दिवस ठरतो. त्या दिवशी विद्यार्थ्याने उभे राहून आपल्या कामाचे समर्थन करायचे, परीक्षकाने प्रश्न विचारायचे, जमलेल्यांनी ऐकायचे. कागदावर एवढी सुंदर रीत दुसरी नसेल. लिहिलेल्या शब्दामागे माणूस उभा आहे की नाही, हे पाहण्याचा तो एकुलता एक दिवस.

आणि त्या दिवसाचे आपण काय केले? आपण त्याचे साखरपुड्यात रूपांतर केले. मुलगी पसंत आहे हे आधीच ठरलेले; आता फक्त पेढे वाटायचे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ताट, छायाचित्र. प्रश्न तेवढा नको. प्रश्नाने समारंभाचा विरस होतो! तोंडी परीक्षा होती, ती तोंडदेखली झाली.

सगळीकडे असेच चालते असे मी म्हणणार नाही. दोन-दोन तास विद्यार्थ्याला बोलते करणारे, प्रबंधाच्या पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या घालून येणारे, आणि परतीच्या गाडीचे पैसे स्वतःच्या खिशातून देणारे परीक्षक या भागात आहेत. त्यांना माझा नमस्कार. त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीसाठी आहे.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही कोण बोलणारे?" प्रश्न रास्त आहे. मी मॅट्रिक. आजच्या भाषेत दहावी. त्यावर चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत पोरांकडून आंबा, सुरई आणि घडीचे कापड काढून घेत आलो. रात्री कादंबऱ्या लिहीत आलो. विद्यापीठाच्या पायऱ्या मी चढलो ते श्रोता म्हणून. पण अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी निघाले, आणि पुढे त्याला नाव कोणाचे दिले गेले? संत गाडगेबाबांचे! जो माणूस शाळेत गेला नाही, ज्याच्या हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे, त्याचे. आणि त्या माणसाची शिकवण्याची रीत कोणती होती? प्रश्न विचारण्याची. कीर्तनाला हजारोंचा समाज बसलेला असे; बाबा एकटेच बोलत नसत. ते समाजाला प्रश्न टाकत, समाजाकडून उत्तर काढून घेत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न करीत, आणि शेवटी माणसाला त्याच्याच तोंडून कबूल करायला लावीत की, कर्ज काढून सण करणे हा मूर्खपणा आहे. ज्यांच्या नावाने पदवी मिळते त्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले. तेव्हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, हा निकाल वऱ्हाडात तरी कधीच लागलेला आहे.

शिवाय प्रश्नोत्तराची ही रीत परक्या मुलखातून बोटीने आलेली नाही. आपल्या न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य सापडावे म्हणून दोघांनी मिळून करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडून टाकायची ती वितंडा. प्रत्येक शास्त्रीय ग्रंथात आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आणि ते प्रामाणिकपणे मांडल्यावरच उत्तरपक्ष. या तीन प्रकारांत चौथ्याची भर आपल्या काळाने घातली आहे. त्यात वाद नाही, जल्प नाही, वितंडाही नाही. त्यात फक्त अभिनंदन आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे उदाहरण घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभट नावाचा पंडित विद्येचा ताठा घेऊन चक्रधरस्वामींशी वाद करायला आला आणि शिष्य होऊन बसला. स्वामींच्या मागे त्याने लीळा जमवायला घेतल्या. कशा? ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे जाऊन, विचारून. नागदेवाचार्यांकडून पडताळून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर दोन्ही नोंदून. त्यातून मराठीतला आद्य चरित्रग्रंथ उभा राहिला, तो लीळाचरित्र. आजच्या पुस्तकी भाषेत याला क्षेत्रीय संशोधन म्हणतात, मुलाखत म्हणतात, पाठचिकित्सा म्हणतात. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते पुढे याच ग्रंथाचे संपादक झाले आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. म्हणजे वऱ्हाडच्या मातीत मराठी संशोधन जन्मले ते प्रश्नाच्या पोटी जन्मले. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. तिथे तरी प्रश्नाची गादी रिकामी राहू नये.

बाहेर काय आहे तेही पाहू. स्वीडनमध्ये प्रबंध तयार झाला की परीक्षेच्या काही आठवडे आधी तो जाहीरपणे फळ्यावर खिळ्याने ठोकण्याची जुनी चाल आहे. अर्थ असा की, हे माझे म्हणणे. ज्याला खोडायचे असेल त्याने यावे. परीक्षेच्या दिवशी एक विद्वान खास विरोधक म्हणून नेमलेला असतो, आणि त्याचे झाल्यावर सभेतल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. हॉलंडात उमेदवार दोन साथीदार बरोबर घेऊन उभा राहतो. ठरलेली वेळ संपली की विद्यापीठाचा दंडधारी सभागृहात येतो आणि लॅटिन भाषेत 'वेळ झाली' असे पुकारतो. तिथेही शेवटी हार-तुरे, खाणे-पिणे असतेच. पण आधी लढाई, मग गुलाल. आपण लढाई वगळून गुलाल ठेवला.

आणि ज्यांचे नाव घेतल्यावाचून या देशात विद्येची गोष्ट पुरी होत नाही ते बाबासाहेब आंबेडकर! रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंध पहिल्या झटक्यात मान्य झाला नाही. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी हरकत घेतली. फेरलेखन करा म्हणाले. बाबासाहेब मुंबईस परतले, प्रबंध सुधारून पुन्हा धाडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. पदवी मिळवली. परत पाठवलेल्या त्या प्रबंधाने बाबासाहेब लहान झाले का? आज त्या ग्रंथाचे नाव घेतात ते, तो घासून निघाला म्हणून. मग आमच्या पोरांच्या प्रबंधाला कोणी 'हे पान पुन्हा लिही' म्हटले तर घरादाराची अब्रू गेल्यासारखे का व्हावे?

आता ज्या गोष्टीने मला ही लेखणी उचलायला लावली ती सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात तिचे खेडे. विहीर खणली तर पाणी लागते. पण ते पिकाला चालत नाही आणि घशाखाली उतरत नाही. बाप कोरडवाहू कापूस आणि तूर पिकवणारा. तिने विषय घेतला तो पाण्याच्या शब्दांचा. तिच्या पट्ट्यातल्या बाया पाण्याविषयी बोलतात तेव्हा कोणकोणते शब्द वापरतात, गोडे कशाला म्हणतात, मचूळ कशाला, खारे कशाला, आणि नळयोजना आल्यापासून त्यातले कोणते शब्द सुनांच्या तोंडून गेले. पाच वर्षे ही पोरगी गावोगाव हिंडली. बसथांब्यावर बसली, कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओळीत उभी राहून वेचता-वेचता शब्द वेचले.

तोंडी परीक्षेची तारीख लागली तशी ती माझ्याकडे आली. "मास्तर, तयारी करून घ्या." मी म्हटले, मला तुझ्या भाषाशास्त्रातले ओ का ठो कळत नाही. ती म्हणाली, "म्हनूनच तं आली."

तीन आठवडे माझ्या ओसरीवर रोज संध्याकाळी परीक्षा चाले. परीक्षक कोण? मी, एक निवृत्त पोस्टमन, तिची आत्या आणि माझी बायको. पोस्टमनकाकांनी पहिलाच प्रश्न असा केला की तिचा चेहरा उतरला: "सगळा प्रबंध एका पोस्टकार्डावर लिहून दाखव. पाकीट चालणार नाही." चार दिवस लागले, पण पोस्टकार्ड झाले. मी विचारले, "बाया तुझ्यापुढे नेहमीचेच बोलल्या, की मॅडम आली म्हणून शहरी शब्द काढले? कशावरून?" बायकोने विचारले, "पुरुषांना का नाही विचारलेस?" आणि आत्याने तर कमालच केली. तिने चुलीपुढून आवाज दिला, "ज्या पान्यात दाय शिजत नाई त्याले आमी काय म्हनतो, थे लिवलं का तुवा?" पोरीने प्रबंध उघडला. नव्हते लिहिले! आत्याने एका प्रश्नात पाच वर्षांच्या कामातले भोक दाखवले. पोरगी रडली नाही. तिने वहीत नवे पान काढून वर मथळा दिला, 'माझ्या प्रबंधात काय नाही'. त्या पानाखाली शेवटी अकरा कलमे झाली. मला विचाराल तर त्या पानावरच तिला पदवी द्यायला हवी होती. आपल्याला काय ठाऊक नाही हे ज्याला नीट ठाऊक झाले, तोच विद्वान होण्याच्या रस्त्याला लागला.

परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. बाहेरगावचे परीक्षक आले. दिवा लागला, स्वागत झाले, परिचय झाला; परीक्षकांचा परिचय पोरीच्या निवेदनापेक्षा लांबला. तिने पंधरा मिनिटे आपले म्हणणे मांडले, छान मांडले. मग प्रश्न. पहिला, "एकूण प्रकरणे किती?" दुसरा, "परिशिष्टे जोडली आहेत ना?" तिसरा, "आता पुढे काय करायचा विचार आहे?" तोवर कोणी तरी घड्याळाकडे पाहून म्हणाले, सरांना चारची गाडी आहे. टाळ्या. शाल. नारळ. जेवण.

पोरगी डॉक्टर झाली. बापाच्या डोळ्यांत पाणी आले. ते गोडे होते की खारे, त्याची चर्चा नको. पण जिन्यात मला गाठून ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "मास्तर, मले काईच इचारलं नाई."

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. ही तक्रार नापास झालेल्याची नाही. पास झालेलीची आहे. जिने पाच वर्षे घाम गाळला तिला एकही खरा प्रश्न न विचारता पास करणे म्हणजे तिच्यावर उपकार नव्हे, तो तिचा अपमान आहे. त्याचा अर्थ असा होतो की, तुझे पान आम्ही उलटले नाही, आणि उलटण्याजोगे त्यात काही असेल असे आम्हाला वाटलेही नाही. नापास करणारा निदान वाचतो तरी! आणि दुसरी गोष्ट अशी की, त्याच हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी कोणी विकत घेतलेला प्रबंध घेऊन उभा राहिला असता, तर त्यालाही हेच तीन प्रश्न आले असते, हीच शाल मिळाली असती आणि हेच एक अक्षर. खरे नाणे आणि खोटे नाणे एकाच भावाने घेणारा सराफ खोट्या नाण्याचा मित्र असो वा नसो, खऱ्या नाण्याचा वैरी असतोच.

आता जेवणाकडे येतो. जेवण दुपारीच झाले, पण त्याची किंमत त्या घराला पुढे सहा महिने पचवावी लागली. पाहुण्यांची गाडी, उतरण्याची सोय, शाली, पुष्पगुच्छ, पंचवीस ताटे. सगळे पोरीच्या बापाकडे. घरात ठेवलेली तूर भाव यायच्या आधी विकली गेली. कोणी मागितले होते का? नाही. कोणी मागत नसते. 'चालत आले आहे' एवढेच. आपल्याकडे हुंडादेखील असाच कोणी मागत नसे, वाचकहो. तोही चालतच आला होता. मुलीकडच्यांनी करायचे असते, एवढ्या एका वाक्यावर या देशात किती शेते गेली! आता 'विद्यार्थ्याने करायचे असते' हे वाक्य त्याची जागा घेऊ पाहते आहे. आणि ज्यांच्या नावाचे विद्यापीठ, त्या बाबांनी सांगितले काय होते? ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलांना शिकवा. आम्ही मुलीला शिकवले आणि शेवटच्या दिवशी ताटांसाठी तूर विकली.

याला कोणी आदरातिथ्य म्हणेल. अतिथी देवो भव हे मलाही पाठ आहे. पण ज्याच्या हातात निकाल आहे तो त्या दिवशी अतिथी नसतो, न्यायाधीश असतो. ज्याचा खटला चालू आहे त्याच्या घरचे श्रीखंड न्यायाधीशाने खाऊ नये, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. मला शाळेत पोराच्या डब्यातला लाडू चालतो. पण परीक्षेच्या दिवशी नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. परीक्षकांनी प्रबंध आधीच वाचून लेखी अभिप्राय दिलेला असतो. मग तोंडी परीक्षेत नव्याने काय शोधायचे? उत्तर असे की, अभिप्रायाने कागद तपासला जातो, तोंडी परीक्षेत माणूस. आणि हा फरक आजच्याइतका मोलाचा कधी नव्हता. २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम झाले. यंत्र प्रबंध वाचते आणि किती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो त्याची टक्केवारी काढते. दहा टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा, साठाच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. उत्तम. पण हे यंत्र उचललेले ओळखते. विकत घेतलेले ओळखत नाही. पैसे घेऊन कोणी नवा कोरा प्रबंध लिहून दिला तर यंत्राच्या लेखी तो निर्मळ. आणि आता तर माणसालाही पैसे द्यायला नकोत. विषय सांगितला की संगणक पानेच्या पाने लिहून देतो, तीही शुद्ध लेखनात! अशा काळात 'हे तुझे आहे का?' हे विचारण्याची भरवशाची जागा एकच उरली. समोरासमोर बसून, डोळ्यांत पाहून, 'हा शब्द तुला कोणत्या गावात, कोणत्या बाईच्या तोंडी मिळाला?' असे विचारावे. जो हिंडला आहे तो त्या बाईच्या अंगणाचे वर्णन करील. जो हिंडला नाही तो पाण्याचा पेला मागेल.

तिसरा आक्षेप दयेचा. पोरे घाबरतात हो, खेड्यातली असतात, बोलायची सवय नसते, कशाला छळायचे? या दयेचाच मला जास्त राग येतो. छळणे आणि विचारणे यांत फरक आहे. अडवण्यासाठी विचारतो तो छळ; उलगडण्यासाठी विचारतो ती परीक्षा. परीक्षक स्वतःचे पांडित्य दाखवायला लागला, बोलीवरून हसला, उमेदवाराला घाम फुटल्यावर खूष झाला, तर तो जल्प झाला. त्याला माझा तोंडदेखल्या परीक्षेइतकाच विरोध आहे. पण 'खेड्यातल्या पोरीला काय विचारायचे' या दयेच्या पोटात एक घाणेरडे गृहीतक लपलेले आहे; तिला उत्तर येणार नाही हे. तिला उत्तर येत होते. बेचाळीस प्रश्नांची उत्तरे ती वहीत लिहून आली होती. विचारणाराच आला नाही.

चौथे म्हणणे असे की, नोकरीच्या शर्यतीमुळे हे झाले. पदवी लागते म्हणून लोक घेतात. ते काही अंशी खरे आहे. पण १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीला नेट किंवा सेट ही किमान अट राहिली आणि पीएच.डी. सक्तीची उरली नाही. आता तरी ज्याला खरोखर काही शोधायचे आहे त्याने यावे, आणि आलेल्याला खरोखर विचारावे, एवढी मोकळीक मिळायला हरकत नसावी.

मग करायचे काय? नुसता ओरडून बसणारा मी नाही. मास्तर आहे, फळ्यावर उत्तरही लिहितो.

पहिले, परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या घरचा एक पैसा खर्च होऊ नये. परीक्षकांचा प्रवास, मुक्काम, चहा हे सर्व संस्थेचे. शाल-नारळ बंद. ज्याला पेढे वाटायचे असतील त्याने पदवीदान झाल्यावर आपल्या गावात वाटावेत. मी खायला येईन.

दुसरे, परीक्षकाने प्रबंध वाचला आहे याचा पुरावा म्हणून निदान दहा प्रश्न पान-क्रमांकासह लिहून आणावेत. प्रश्न आणि उत्तरांचे टिपण प्रबंधाला जोडावे. आज प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात कोणालाही वाचायला मिळतात. तिथे ही प्रश्नोत्तरेही ठेवावीत. विद्यार्थ्याने काय उत्तर दिले ते जग वाचील; परीक्षकाने काय विचारले तेही वाचील. मग 'एकूण प्रकरणे किती' हा प्रश्न कोणी छापायला देणार नाही!

तिसरे, दार उघडावे. आज विभागातले अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी बसतात. ठीक आहे, पण ज्यांच्यावर प्रबंध लिहिला त्यांना का नको? अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ निघाले. तिथे शिवार फेरी भरते. शेतकरी वावरातून हिंडतात, वाणाची बोंडे हातात धरून शास्त्रज्ञाला विचारतात, आणि शास्त्रज्ञ उत्तर देतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. त्या अळीवर कोणी प्रबंध लिहिला, तर ज्याच्या शेतातली बोंडे पोखरली त्या शेतकऱ्याला एक खुर्ची द्या. तो इंग्रजी प्रबंध वाचू शकणार नाही, पण एक प्रश्न असा विचारील की प्रबंधाचे शेवटचे प्रकरण बदलावे लागेल. माझ्या विद्यार्थिनीच्या आत्याने हेच केले. ती त्या हॉलमध्ये असती तर परीक्षा झाली असती.

चौथे, विषय इथला असेल तर परीक्षा इथल्या भाषेत. आणि बोलीत उत्तर दिले तर गुण कापू नयेत. उत्तर बरोबर आहे की नाही ते पाहा. 'मला' म्हणाला की 'मले' म्हणाला ते पाहू नका.

पाचवे आणि शेवटचे, 'पुन्हा ये' असे म्हणण्याची लाज सोडा. ज्या परीक्षेत परत पाठवणे शक्यच नाही ती परीक्षा नव्हे, हळदीकुंकू आहे. परत पाठवलेला प्रबंध म्हणजे भट्टीत पुन्हा घातलेले मडके. ते कच्चे राहून चुलीवर फुटण्यापेक्षा पुन्हा भाजलेले बरे.

हे सगळे विद्यापीठांनी करायचे, तुम्ही-आम्ही काय करणार, असे म्हणून करंजी उचलू नका. या दिवाळीत तुमच्याही घरी कोणी तरी पुतण्या, भाची, सून आली असेल आणि ती 'पीएच.डी. करते आहे' असे कोणी तरी अभिमानाने सांगेल. आजवर आपण त्यावर दोनच प्रश्न विचारत आलो, 'झाली का?' आणि 'कधी होणार?' यंदा ते दोन्ही विचारू नका. पोळपाट-लाटणे बाजूला ठेवा, वर्तमानपत्र घडी करा, आणि विचारा, "तू शोधते आहेस तरी काय? मला समजेल असे सांग." समजले नाही तर 'समजले नाही' म्हणा. समजले तर, 'कशावरून?' म्हणा. आजीला शेजारी बसवा. तिला विचारू द्या. सुरुवातीला पोरगी चिडेल. मग सांगू लागेल. मग फराळाचे ताट तसेच राहील आणि रात्री उशिरापर्यंत दिवा जळेल.

तिच्या हॉलमध्ये कोणी विचारो वा न विचारो, तिच्या घरी कोणी विचारले नाही असे तरी होऊ नये.